प्रोटोकॉल जुळेना

१९९८ साली आमच्या सुप्याच्या कारखान्यात हातात मावणारं एक मशीन आलं. गोदामात ते खोक्यावरच्या काळ्या पट्ट्यांसमोर धरलं की माल किती, ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आपोआप कळणार होतं. म्हणजे गोदामाचं रजिस्टर लिहिणारा इब्राहिम, अर्थात मी, नको. मॅनेजर काकासाहेबांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "मशीन चालू झालं की तुमाला आराम, चाचा." असल्या गोड बोलण्याचा मला जास्त राग येतो. माझी मुलगी अलिझा अजून कॉलेजात होती, आराम मला परवडणारा नव्हता.

मशीन बसवायला पुण्याहून महेंद्र नावाचा इंजिनिअर आला. मशीनचा दिवा लागला, कॉम्प्युटरही ठणठणीत होता, पण दोघांचं बोलणं काही होईना. दुपारी घाम पुसत तो म्हणाला, "प्रोटोकॉल जुळत नाही."

आता प्रोटोकॉल मला कुणी शिकवू नये. भिंगारला लष्कराच्या ऑफिसात मी तीस वर्षं क्लार्क होतो. कुणाची खुर्ची कुठे, सॅल्यूट आधी कुणी मारायचा, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "साहेब, या दोघांत सीनियर कोण?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. कॉम्प्युटरवर बसणारी वृषाली तोंडाला ओढणी लावून हसली. मग त्याने समजावलं, कंपनीच्या नेटवर्कची बोलायची एक ठरलेली पद्धत असते, ती या मशीनला शिकवलेलीच नाही.

"म्हंजी मशीन बिघडलंय?" काकासाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मंग नेटवर्क?"

"तेही चांगलं आहे. दोन्ही चांगली आहेत, म्हणून तर दुरुस्त काय करायचं तेच कळत नाही."

काकासाहेब डोकं धरून बसले. शेवटी ठरलं, मशीनवर दिसणारे आकडे मी कागदावर उतरवून ऑफिसात न्यायचे आणि वृषालीने ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. नोकरी राहिली. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

निघताना महेंद्र म्हणाला, "काळजी करू नका चाचा, पुढच्या मॉडेलला ही पद्धत येईल."

"लई उपकार झाले, साहेब," मी सवयीने बोलून गेलो.

त्याचं बोलणं एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात शिरलं. घरी बायकोने, शरिफाने, दारातच विचारलं, "नोकरी राहिली का?"

"राहिली."

"मग तोंड का असं?"

"ते मशीन शिकेपर्यंत राहिली."

शरिफा म्हणाली, "आता कितवीत हाय ते?"