दहाच्या आत

मुकादमाला आयुष्यात एकच इंग्रजी क्रियापद धड येत होतं, आणि तेही भूतकाळातलं: कम्प्लाइड. कापड रंगवायच्या कारखान्यात, विषारी वायू साठायचा त्या गाळाच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी एक कागद भरायचा असे. त्यावर तीन ओळी. अर्धा तास पंख्याने टाकीत हवा सोडली. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधला. तो दोर धरून वर माणूस उभा राहिला. प्रत्येक ओळीपुढे हा शब्द लिहायचा आणि सही ठोकायची; तळाशी उतरणाऱ्याची सही घ्यायची. नियम पाळला, असा त्याचा अर्थ. साहेबांनी पहिल्याच दिवशी तो समजावून सांगितला होता, त्यामुळे अर्थ माहीत नव्हता म्हणायला कोणाला तोंड नव्हतं.

अर्थ एक आणि वापर भलताच! हा कागद दहाच्या आत पटांगणापलीकडच्या ऑफिसात पोचला पाहिजे, हाही एक नियमच. उशीर झाला की मुकादमाची खरडपट्टी. आणि पंखा लागायचा साडेनऊला. आता अर्ध्या तासात हवा सोडायची, दोर बांधायचा, माणूस उतरवायचा, आणि कागदही पोचवायचा? देव मुकादम झाला असता तरी जमलं नसतं. म्हणून साडेनऊलाच तिन्ही ओळी भरून मोकळं व्हायचं आणि मग कामाला लागायचं. सात वर्षं असंच चाललं, कोणाचं काही बिघडलं नाही. शब्द तर इतका अंगवळणी पडला की पंपवाल्याला "जेवलास का रे?" विचारलं तर तो डब्याचं झाकण काढायच्या आधीच "कम्प्लाइड!" म्हणून ओरडायचा, आणि सगळे खो खो हसायचे.

मग एका सोमवारी टाकीत उतरायची पाळी दाजींवर आली. दाजी म्हणजे मुकादमाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांना या कामाला चिकटवलं होतं तेही मुकादमानंच. तिन्ही ओळी भरून झाल्या. दहाला पाच कमी असताना मुकादम म्हणाला, "दाजी, कागद देऊन आलोच मी. तोवर उतरू नका." कागद साहेबांच्याच हातात द्यायचा असे, आणि साहेब फोनवर होते. मुकादम दारात वीस मिनिटं ताटकळला. इकडे रंगखात्यात पाणी तुंबलं, तिथली माणसं दाजींच्या नावानं शंख करू लागली, आणि दाजी उतरले. मुकादम परत आला तेव्हा दोराचं वेटोळं टाकीच्या तोंडाशी तसंच पडलेलं होतं, आणि दाजी खाली गाळात पालथे होते.

चौकशीला बहीण आली होती. भिंतीलगतच्या खुर्चीवर पदर घट्ट धरून बसली होती. अधिकाऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"कागद तर चोख आहे. तिसऱ्या ओळीपुढची सही तुमची?"

"माझीच, साहेब."

"म्हणजे दोर धरून वर तुम्ही उभे होता?"

नाही म्हटलं तर नोकरी जाणार, कदाचित हातात बेड्याही पडणार. "होतो," मुकादम म्हणाला.

"मग हे झालं कसं?"

"खाली गेल्यावर त्यांनी दोर सोडला असणार, साहेब. अडतो म्हणायचे."

मेलेलं माणूस थोडंच उठून नाही म्हणतंय! अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. शी! मुकादमाला स्वतःचीच किळस आली, पण तोंडातून गेलेला शब्द काही परत घेता येईना.

बहीण तिथे रडली नाही. घरी आल्यावर मात्र तिनं मेलेल्या नवऱ्याला फैलावर घेतलं. "जन्मभर घाई, घाई! दोर सोडताना माझा नाही तर नाही, पोरीचा तरी विचार करायचा होता मेल्यानं!" मग डोळे पुसून म्हणाली, "दादा, शेवटी वर तू होतास, आपलं माणूस जवळ होतं, एवढंच समाधान." मुकादमानं मान खाली घातली. महिनाभर तो रोज तिच्याकडे जात होता आणि रोज हे ऐकत होता.

कारखान्यानं तिला नवऱ्याच्या जागी घेतलं. टाकीचं तोंड अरुंद, ही अंगानं काटकुळी. साहेबांना तेवढंच दिसलं. पहिल्या सोमवारी साडेनऊला मुकादमानं तिन्ही ओळी भरलेला कागद तिच्यापुढे धरला, आणि दादानं सांगितलं म्हणून तिनं न विचारता तळाशी सही केली. पंखा सुरू झाला. दहाला थोडी मिनिटं उरली तेव्हा मुकादम तिच्या कमरेला दोर बांधू लागला. गाठ काही केल्या बसेना.

"चांगला आवळून बांध, दादा," ती म्हणाली. "मी नाही सोडायची. मी काही त्यांच्यासारखी बेपर्वा नाही."

"त्यांनी सोडला नव्हता," मुकादम म्हणाला.

"काय?"

"दोर बांधलाच नव्हता गं. बांधायला कोणी नव्हतंच इथे. मी कागद घेऊन ऑफिसात गेलो होतो."

पंख्याच्या घरघरीतही तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"महिनाभर मी त्यांना शिव्या घातल्या," ती म्हणाली. "पोरीलाही सांगितलं, तुझा बाप बेपर्वा होता म्हणून."

मुकादमाला रडू फुटलं. "चुकलं माझं."

"त्या अधिकाऱ्यापुढे जाऊन सांगशील?"

मुकादमानं तोंड उघडलं. पलीकडून ऑफिसातल्या माणसानं हाक मारली, "मुकादम, कागद!" त्याचा हात खिशातल्या कागदाकडे गेला. तिनं ते पाहिलं. मग तिनं त्याची अर्धवट गाठ नखांनी उकलून काढली, दोर गोळा केला आणि तेवढ्यात तिथे आलेल्या पंपवाल्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही बांधा," ती म्हणाली. "आणि वर तुम्हीच थांबा."