सासऱ्यांचं रात्रीचं प्रेशर

शिंपीकाकांचं ब्लडप्रेशर दिवसा कधीही मोजा, गुणी लेकरासारखं जागेवर. तरी हृदयाच्या तपासणीत मुख्य धमनी, म्हणजे हृदयातून निघणारी ती जाड नळी, थोडी फुगलेली दिसली. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. त्यांनी काकांच्या दंडाला दिवसरात्र प्रेशर मोजणारं मशीन बांधून घरी पाठवलं.

मशीनचा पट्टा थोड्या थोड्या वेळाने आवळायचा आणि सुटायचा. काका सुनेला म्हणाले, "मेलं सारखं दंडाचं माप घेतंय, आणि घेतलं की विसरतंय!"

घरात दोघंच. मुलगा बोटीवर नोकरीला, सून अ‍ॅम्ब्युलन्सची ड्रायव्हर, तीही रात्रपाळीला.

मशीन परत दिलं तेव्हा सून सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी आलेख पुढे सरकवला. "काका, माणूस झोपला की प्रेशर उतरतं. तुमचं रात्रभर चढलेलं, आणि पहाटे एकदम खाली. तेव्हा काय झालं?"

"तेव्हा मी घरी आले," सून म्हणाली. "पण बाबा तर गाढ झोपेत घोरत होते."

काका खुर्चीत चुळबुळले. "घोरत होतो गं. झोपलो नव्हतो."

सुनेला हसावं की रडावं कळेना. वर्षभर ती चपला हातात घेऊन, चोरपावलांनी घरात येत होती!

"इलॅस्टिक सतत ताणलेलं ठेवलं तर काय होतं, काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सैल पडतं."

"धमनीचंही तसंच. तिलाही रात्रीची विश्रांती लागते." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

वाटेत सून म्हणाली, "मी दिवसपाळी मागून घेते."

"खबरदार! रात्रपाळी तू हौसेनं घेतलीस." मग आवाज खाली आला. "सायरन ऐकला की वाटतं, तूच असशील. नाही ऐकला की वाटतं, काय झालं असेल?"

दोन दिवसांनी रिकामी अ‍ॅम्ब्युलन्स सर्व्हिसिंगला न्यायची होती. साहेबांना विचारून सुनेने सासऱ्यांना शेजारी बसवलं. काकांनी आधी दाराची मूठ घट्ट धरली. पण ती प्रत्येक वळणाआधी आरशात बघत होती, ब्रेक हळुवार दाबत होती. एका अरुंद गल्लीत समोरून ट्रक आला. तिने शांतपणे गाडी मागे घेतली, कुठे ओरखडाही नाही. काकांनी मूठ सोडली.

"आणि रात्री रस्ते मोकळे असतात, बाबा. उलट सोपं."

"मग आधी का नाही बोललीस, बये?"

"तुम्ही झोपलेले असायचात ना!"

काही महिन्यांनी पुन्हा मशीन बांधलं. या वेळी रात्रीची रेघ छान खाली उतरली होती. धमनी पूर्ववत झाली नव्हती, पण वाढलीही नव्हती. "दरवर्षी तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत."

बाहेर येऊन सुनेने नवऱ्याला फोन लावला. तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत काकांनी फोन ओढून घेतला. "अरे, माझं राहू दे! तुझी बायको गाडी कशी हाकते, ते ऐक आधी."

त्या गल्लीतला ट्रक काकांनी चांगला लांबरुंद करून सांगितला. सून हसत भिंतीला टेकून उभी राहिली. फोन काही लवकर परत मिळणार नव्हता.