कबुतरखान्याचं दार

कबुतरखान्याच्या दाराजवळची एक वीट कालच्यापेक्षा तीन मिलिमीटरने आखूड होती. वृषालीने दोनदा मोजलं, मग वहीत पाहिलं. काल तिने चुकून तीन मिलिमीटर कमी सांगितले होते. विटेने ते मानलं होतं.

मेलवर्दी हॉल हे तीनशे वर्षांचं इंग्लिश घर, पुस्तकासाठी त्याची मोजणी सुरू झाली त्या सोमवारपासून असंच वागत होतं. मोजणाऱ्याने आकडा सांगायचा, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच टिपायचा, ही हर्डीकर सरांची पुण्यापासूनची शिस्त. आकडा परत म्हटला गेला की घर तसं होई. दिवाणखान्याच्या चौदा खिडक्यांना वृषाली तेरा म्हणाली. सर "तेरा" म्हणाले, आणि चौदावीच्या जागी भिंत आली. भिंतीवर जुनं तैलचित्रही होतं. जेवणघर तिने मुद्दामच एका मीटरने वाढवलं, तेव्हा सरांचा हात मिठापर्यंत पोचेना. त्यांनी अळणीच खाल्लं. वहीतून मान वर काढायची त्यांना सवय नव्हती.

आज फक्त घरामागचा, काल अर्धवट राहिलेला कबुतरखाना उरला होता. गोल, बिनखिडकीचा. छताच्या झरोक्याचा आकडा सकाळीच सांगून झाला होता. आता तिथे नुसती कौलं होती. सर आत स्टुलावर बसले होते. मांडीवर वही, हातात विजेरी, भोवती भिंतभर रिकामे खोपे.

"सर, या पुस्तकावर माझं नाव येईल ना?" तिने उंबऱ्याबाहेरून विचारलं.

"अगं, आभारात टाकू की."

"मागच्या वेळीही आभारातच होतं. नकाशे सगळे मी काढले होते."

"आणि मी काय पेन्सिली तासत होतो? चल गं बाई, आटप. चहा निवतोय तिकडे."

वृषालीने टेप चौकटीला लावली. आठशे बारा मिलिमीटर. छपरावरची कबुतरं एकेक करून खाली उतरली आणि गवतातून चालत घराकडे निघाली.

अकरा वर्षं ती हा हिशेब उद्यावर ढकलत आली होती.

"दार," सर आतून म्हणाले. पेन्सिल कागदाला टेकल्याचा आवाज आला. "रुंदी?"

तिचा एकही आकडा परत म्हणायचं ते आजवर विसरले नव्हते.

"शून्य," वृषाली म्हणाली.