झोपलेली भिंत

सिरिगू गावात भिंती रंगवण्यात फिलोमेनाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यांच्या सुनेने, अतिपोकाने, आपली पहिली भिंत जीव ओतून रंगवली. लाल, काळे, पांढरे त्रिकोण, सगळे अगदी एकसारखे.

सासूबाईंनी जांभई दिली. "छान आहे गं, पण भिंत झोपलीय."

तेवढ्यात बुजलेली कोंबडी उडून ओल्या भिंतीवर आपटली आणि पंखाने काळा रंग पांढऱ्यावर फराटून गेली. अतिपोका रडकुंडीला आली.

सासूबाई खदखदून हसल्या. "खबरदार पुसलंस तर! आत्ता कुठे जागी झाली!"

पुढे शहरातले चित्रकलेचे मास्तर भिंत बघायला आले, ते नेमके त्या फराट्यापाशीच थबकले. "वा! हा हात कुणाचा? भेटता येईल?"

"आत्ता नाही, मास्तर," अतिपोका म्हणाली, "बाई अंड्यांवर बसल्यात."