भिंतीकडे तोंड करून

“व्हॉट इज युवर नेम?” काजलने भिंतीला विचारलं.

उत्तर तिच्या पाठीमागून आलं. सतरंजीवर बसलेली मोठाली माणसं एका दमात ओरडली, “माय नेम इज...” आणि पुढे सगळ्यांनी एकदमच आपापली नावं घेतली. त्याचा असा काला झाला की कोण कोणाचं कोण, ते देवालाही कळलं नसतं. काजलने भिंतीलाच शाबासकी दिली.

काजल माझी सून. शहाद्याच्या एका संस्थेने मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायचं काढलं, आणि ब्राह्मणपुरीत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, घरी रिकामी बसलेली बाई म्हणून त्यांना हीच सापडली. रिकामी त्यांच्या हिशोबाने. आमच्या गोठ्याला विचारा. तरी मी हो म्हटलं. नवनीत, माझा मुलगा, कुरकुरला. त्याला सांगितलं, मी दुसरी शिकून हे घर चालवलं, जास्त शिकलेलीने ते बुडणार नाही.

पण वर्ग आमच्या ओसरीवर आणि रीत माझी. शिकायला बसणाऱ्यांत लोटन होता. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा, नवनीतहून मोठा, म्हणजे काजलचा जेठ. सून जेठासमोर तोंड उघडं टाकत नाही, त्याच्याशी थेट बोलत नाही, त्याचं नाव तर घेतच नाही. म्हणून मी ठरवून दिलं : पदर नाकापर्यंत, तोंड फळ्याकडे, विचारायचं ते फळ्याला. मी दारात बसणार. गाव हसलं. हसणाऱ्यांच्या सुना शहाद्याच्या बाजारात कशा फिरतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मी ते हसणं कानाआड केलं.

सुरुवातीला पंक्चरवाला कय्युमही यायचा. तो नात्यात बसत नव्हता, त्यामुळे काजल त्याच्याकडे वळून बोलायची. ती विचारायची, तो अडखळत का होईना सांगायचा, मग उलट तिलाच काही विचारायचा. तेवढ्यापुरता तिचा आवाज वेगळाच लागे. घरात तो मी कधी ऐकला नव्हता. मग कय्युम सुरतेला कामाला गेला. उरले ते सगळे सोबतीने ओरडणारे. प्रमिलाबाईला पुण्याचा नातू काय बोलतो ते कळायला हवं होतं; ती शिकण्यापेक्षा हसायचीच जास्त.

खरा शिकायला आला होता तो लोटन. जन्मभर ट्रक चालवला, विसरवाडीच्या नाक्यावर त्याला ओळखत नाही असा चहावाला नाही. आता कंबर गेली. तिकडे गुजरातेत, नर्मदेकाठी, एका मोठ्या हॉटेलला परदेशी पाहुण्यांसाठी गाडीवाला हवा होता. मऊ गादीची गाडी, रात्री नीट झोप. अट एकच, इंग्रजीत चार शब्द बोलता यायला हवेत. लोटन वर्गात सगळ्यात मोठ्याने ओरडायचा. वर मात्र एकदाही बघितलं नाही त्याने, सतरंजीची वीण पाठ झाली असेल.

मग संस्थेचे साहेब बघायला येणार असं कळलं. माणसं बोलती झाली असतील तर वर्ग राहणार आणि काजलला शहाद्याच्या मोठ्या वर्गावर घेणार. नाहीतर फळा उचलून दुसऱ्या गावी. काजलने हे मला सांगितलं तेव्हा ती शेण काढत होती. हात थांबला नाही, पण आवाज कय्युमशी बोलतानाचा लागला.

साहेब आले, खुर्चीवर बसले. सगळ्यांनी मिळून ओरडून दाखवलं. साहेब हसले आणि म्हणाले, आता एकेकट्याने. ताई, तुम्ही इकडे वळा, यांना विचारा. बोट नेमकं लोटनकडे.

काजल वळली नाही. पदराआडून तिने माझ्याकडे बघितलं असावं, कारण मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले.

हुकूम सोडताना मला वेळ लागत नाही. म्हटलं, “काजल, फिर इकडे. पदर सरकाव. मी सांगस.”

तिने सरकवला. तोंड घामाने डबडबलेलं. लोटनकडे वळून तिने नीट, सावकाश विचारलं, तू कुठे राहतोस म्हणून.

लोटनचे कान लाल झाले. तो उठला. पाठ फिरवली, चपला हातात घेतल्या आणि ओसरी उतरून गेला.

तो रागावून गेला नाही. सुनेचं तोंड उघडं पडलं की जेठाने तिथून उठायचं असतं, तो तिचा मान. साहेबांना ते कुठलं कळायला? त्यांना वाटलं, येत नव्हतं म्हणून पळाला. काजल त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागली. भराभर, न थांबता, किती वेळ. समजावत होती की भांडत होती, मला कळलं नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाले, “तुमचं इंग्रजी फार छान आहे, ताई. पण यांना बोलता येत नाही.”

चहा पिऊन ते गेले. फळा गाडीत आडवा टाकून नेला.

रात्री नवनीत म्हणाला, बरं झालं, सुटली. मी त्याला ताट वाढलं नाही, काजललाही वाढू दिलं नाही. हात आहेत ना, म्हटलं, घे.

सकाळी लोटनला बोलावून घेतलं. मी समोर बसलेली असताना, मी सांगितलेलं असताना उठलास कसा, विचारलं. तो उंबऱ्याकडे बघत राहिला.

“काकू, तुम्ही पदर काढाले सांगं. पन मन्हा डोया कसा वर व्हतीन? तुम्हीच शिकाडेल शे.”

सुनेसमोर डोळे वर करायचे नाहीत, हे त्याला मीच शिकवलं होतं. ही रीत मला सासूने दिली. एका दिवसात मी ती मोडायला गेले, तर रीतीने माझंही ऐकलं नाही.

हॉटेलात तो जाऊन आला. तिथे टेबलामागे तरणी बाई बसवली होती. तिने जे विचारलं त्याचं उत्तर याने दिलं म्हणे, पण सगळं टेबलाकडे बघून. त्यांना वाटलं, माणूस काहीतरी लपवतोय. लोटन पुन्हा ट्रकवर गेला.

परवा तिन्हीसांजेला काजल आत भाकरी थापत होती, मी चुलीशी. बाहेर परसात कोणी खाकरलं. लोटनच. आत आला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे उभा राहिला आणि बोलायला लागला. एकटाच, इंग्रजीत, अडखळत नव्हता. मध्ये शहादा आला, ट्रक आला, वाइफ आला. हॉटेलातल्या बाईला सांगितलं तेच असेल, नाहीतर ओसरीवर सांगायचं राहिलेलं असेल. संपल्यावर निघून गेला.

काजलचा हात परातीत तसाच होता. मग तिने तो उचलला, भिंतीकडे तोंड केलं आणि ओसरीवर फळ्यासमोर घ्यायची तसा डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला. पदराला पीठ लागलं. परात मी माझ्याकडे ओढली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.