चटईखालचे पाय

फुआतिनोच्या उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्या होत्या, त्यामुळे गुडघा वाकत नसे. गावच्या शाळेत चौथीत येऊन तिला महिना झाला होता. तिला इथेच ठेवायचं की आपिया शहरातल्या अपंग मुलांच्या वेगळ्या शाळेत परत पाठवायचं, हे आज गावचे पंच ठरवणार होते. आपियात मैत्रिणी होत्या, पण रात्री कुशीत घ्यायला आई नव्हती. तिला इथेच राहायचं होतं.

मालिया बाई भल्या मनाच्या. पाहुण्यांसमोर पोर अवघडू नये म्हणून त्यांनी ऑफिसातली खुर्ची आणून तिला बसवलं. पंच चटईवर बसणार, हे मात्र गडबडीत साफ विसरल्या.

पंच आले, मांडी घालून बसले. आणि फुआतिनो त्यांच्या डोक्यावर! वडीलधाऱ्यांपेक्षा उंच बसू नये, हे रांगत्या पोरालाही कळतं. तिचे कान तापले. ती घसरत खाली उतरली, तर ताठ पाय थेट मुख्य पंच लेआसांवरच रोखला गेला.

आता तर कहरच झाला! शेजारच्या लुसियाने आपल्या बुडाखालची चटई खस्सकन ओढून त्या पायावर टाकली. मोठ्यांकडे पाय करू नये, पण तो चटईने झाकला की अपराध मिटला, ही गावची जुनी सोय.

"शाबास!" लेआसा म्हणाले. मग हळूच फुआतिनोकडे वाकले. "पोरी, त्या चटईखाली अजून जागा आहे का गं?"

"आहे की, आजोबा."

"सरक मग. माझा गुडघा सहा वर्षं बोंबलतोय, पण सांगतो कुणाला!" त्यांनी पाय पसरून असा सुस्कारा सोडला की पोरं खो-खो हसली.

दुसरे पंच घसा खाकरून म्हणाले, "मुद्द्याचं बोला. ही सगळ्यांत बसून शिकणार कशी?"

"हिची वही तर बघू," म्हणत लेआसा उठायला गेले आणि अडकलेच. दोघे त्यांना ओढायला धावले.

"ओढू नका हो!" फुआतिनो ओरडली. "आजोबा, चांगल्या पायाच्या बाजूला वळा. खांब धरा. दुखरा पाय तसाच लांब राहू दे, जोर चांगल्या पायावर. हं, उठा आता."

लेआसा उठले. कुणाच्याही हाताशिवाय आणि एकही शिवी न देता.

"एवढे शहाणे गावात, पण हे मला कुणी शिकवलं नाही," ते दुसऱ्या पंचांना म्हणाले. "ती शिकेल रे. आधी आपण शिकू. पोर इथेच राहील."

फुआतिनोला हसू फुटलं आणि रडूही. लुसियाने तिला चिमटा काढला. "ए, आत्ताच सगळं रडून टाकू नकोस. पुढचा तास गणिताचा आहे."