वाणात आलेली जमीन

चित्रलेखाने सारंगच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि दुकानामागच्या सिंकमध्ये ओतून टाकला. त्याने अर्धा प्यायला होता. तिला त्या अर्ध्या कपाचीही चीड आली.

"तीन वर्षं ऐकतेय. तिथे घरं कधी होणार?"

"वहिनी, काउन्सिलचं काम स्लो असतं. रिलॅक्स."

"काउन्सिलचं लेटर आलंय. अजून वीस वर्षं ती शेतजमीनच राहणार. मेंढ्या चरतायत तिथे, मेंढ्या!"

सारंगने मान खाली घातली. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने, लीनाने, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या डब्यात या जमिनीचं माहितीपत्रक घालून वाण दिलं होतं. मेलबर्नबाहेरचं माळरान, उद्याचं उपनगर म्हणे. वाण काही कुणी परत करत नाही, आणि लीनाच्या वाणाबद्दल वकिलाला विचारायचं तरी कसं? चित्रलेखाच्या नवऱ्याने, नंदूने, राहतं घर गहाण टाकून दोन हिस्से घेतले. गाजराची पुंगी म्हणावी, तर ही मोडून खाताही येईना. मेलबर्नच्या डँडेनॉन्ग भागातल्या त्यांच्या या किराणा दुकानात मिळेल ते बँकेच्या घशात जात होतं, तरी दोन हप्ते थकले होते. तिसरा थकला की घर जाणार होतं.

"एक मार्ग आहे," सारंग म्हणाला. "तुमचा हिस्सा कुणाला तरी द्या. तुमच्या दुकानात येते ती मयूरा विचारत होती. तुमच्या शब्दावर घेईल ती."

"त्या पोरीच्या गळ्यात मारू? लाज नाही वाटत?"

"तुम्ही कोणाचे हिस्से घेतलेत, वहिनी? आमचेच. मलाही तेव्हा हप्ते भरायचे होते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चालता हो! पुन्हा या दुकानात पाय ठेवलास तर बघ!"

तो गेला तरी ती धुमसतच होती. तोंडाने त्याला शिव्या घालत तिने डाळींची पाकिटं शेल्फवर आपटली.

चारच्या सुमारास मयूरा आली. वृद्धाश्रमातल्या, एज्ड केअरच्या शिफ्टचा युनिफॉर्म अजून अंगावर होता. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळून तिला दोनच महिने झाले होते.

"काकू, घराच्या डिपॉझिटसाठी फॉर्टी थाउजंड साठवलेत मी. सारंगकाका प्लॉट घे म्हणतायत. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करेन."

चित्रलेखाने ज्वारीचं पीठ तिच्या पिशवीत ठेवलं. पैसे घेतले नाहीत.

"त्याच्याकडून अजिबात घेऊ नकोस. लबाड आहे मेला."

"मग काय करू?"

चित्रलेखा पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा बांधत राहिली.

"आमच्यातला एक हिस्सा देते ना तुला," ती म्हणाली. "घरचीच म्हणून."